पाण्याच्या वासाचं माहेर

‘लो दिस्से’ हा परफ्यूम मनगटावर लावला की आधी कापलेल्या खरबुजाचा गार वास येतो, पाठोपाठ खारा वारा, आणि मग कमळ, फ्रीसिया, सायक्लेमेन अशी फुलं उलगडतात. जपानी फॅशन डिझायनर इस्से मियाके यांना पाण्यासारखा नितळ सुगंध हवा होता. परफ्यूमर झाक कॅव्हालिए यांनी १९९२ साली तो घडवला आणि पाणफुलांच्या परफ्यूमची लाटच आली. मला भुरळ पडली ती या पाण्याच्या वासाच्या उगमाची. तो आहे फायझर या औषध कंपनीत!

१९६६ मध्ये फायझरच्या रसायनशास्त्रज्ञांना हा वास देणारं कॅलोन हे संयुग गवसलं. त्याची ठेवण पाहा: बेन्झीनच्या कड्याला चिकटलेलं सात अणूंचं दुसरं कडं. १९६३ मध्ये बाजारात आलेल्या व्हॅलियमचा सांगाडाही असाच आहे. त्याच्या सात अणूंच्या कड्यात नायट्रोजन आहे, कॅलोनच्या कड्यात ऑक्सिजन. मन शांत करणारं औषध शोधताना हा वास हाती आला असं सांगतात, ते मला या ठेवणीमुळेच पटतं. औषधवाल्यांकडून तो परफ्यूमवाल्यांकडे कसा गेला, हे नावातच आहे. ग्रास या फ्रेंच गावातली ‘कामिली, अल्बेर ए लालू’ ही सुगंधी द्रव्यांची कंपनी फायझरच्या ताब्यात होती. तिची आद्याक्षरं आणि कीटोनचा ‘ओन’ मिळून कॅलोन झालं.

काही जाणकार मात्र पाण्याच्या वासाचं श्रेय परफ्यूमर एदमों रुदनित्स्का यांना देतात. पन्नासच्या दशकात त्यांनी पत्नीसाठी खरबुजाच्या वासाचा परफ्यूम केला होता, हे खरंच. पण तो, म्हणजे ‘ल पार्फम द तेरेझ’, बाजारात आला थेट २००० मध्ये. त्यांच्या १९७२ च्या ‘डिओरेला’त खरबूज आहे, पण ते पिकलेलं, गोड, त्यात समुद्र नाही. शिंपल्यासारखा खारटपणा कॅलोननंच आणला. ऐंशीच्या दशकाअखेर कॅलोनचं पेटंट सरलं, १९८८ मध्ये अ‍ॅरामिसच्या ‘न्यू वेस्ट’मध्ये तो ठळकपणे आला. कॅव्हालिए यांचा जन्मही ग्रासचाच. हे द्रव्य त्यांच्या नाकाला जुनं ओळखीचं असणार, असा माझा कयास आहे.

त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. फ्रीसिया, सायक्लेमेन यांच्यातून परफ्यूमला उपयोगी पडेल असं तेल निघत नाही. त्यांचा वास रसायनं जुळवूनच रचावा लागतो. अशा रचलेल्या फुलांना कॅव्हालिए यांनी रचलेलंच पाणी घातलं. म्हणून ती इतकी टवटवीत वाटतात. प्रयोगशाळेत जन्मलं म्हणून या सुगंधाला नकली म्हणणं मला मुळीच मान्य नाही.