चोवीस बाटल्या

14 ऑक्टोबर, दुपारी 2.00
हेरेफर्डशायर, इंग्लंड. आमच्या घराचं गॅरेज. किंग्स्टन ब्लॅक आणि डॅबिनेट सफरचंदांचा 20 लिटर रस काचेच्या मोठ्या बरणीत भरला. तो आंबला की सायडर. यीस्ट टाकलं नाही. सालीवर असतं तेवढं पुरतं. हायड्रोमीटरवर घनता 1.052. वहीत नोंद केली.

6 जानेवारी, सकाळी 9.30
बरणीच्या बुचातल्या एअरलॉकमधले बुडबुडे थांबले. गॅरेजमध्ये 6 अंश. घनता 1.008.
बुडबुडे थांबले की सायडर तयार, असं पुष्कळांना वाटतं. मलाही वाटलं. पण ते थंडीनेही थांबतात, आणि बूच सैल असलं तरीही. अशा रसातली साखर पुरती आंबली की घनता 1.000 पर्यंत किंवा त्याखाली उतरते. माझी आठ सहस्रांश वरच अडली होती.

13 जानेवारी, सकाळी 9.30
पुन्हा 1.008. लागोपाठ दोन नोंदी सारख्या आल्या की बाटल्या भरायच्या, हा नियम मी पाठ केला होता. दोन्ही नोंदी 6 अंशांतल्या होत्या. यीस्ट मेलं नव्हतं, गारठलं होतं. बरणी आठवडाभर स्वयंपाकघरात ठेवली असती तर कळलं असतं. ओट्यावर जागा नव्हती.

14 जानेवारी, सकाळी 11.00
पाऊण लिटरच्या 24 बाटल्या भरल्या. 9 शॅम्पेनच्या, जाड. 15 चौकोनी, शोभेच्या, तारेच्या कडीच्या. त्या दिसायला छान होत्या. चौकोनी काच दाबाखाली कोपऱ्यात आधी हरते.
फेस यावा म्हणून प्रत्येकीत 4 ग्रॅम साखर. मूळचे याच परगण्यातले जॉन बील यांनी 1662 साली सायडरच्या बाटलीत अक्रोडाएवढी साखर घालण्याबद्दल रॉयल सोसायटीला लिहिलं होतं. त्यातली साखर माझ्या लक्षात राहिली. त्या काळी इंग्लंडमध्ये कोळशाच्या भट्टीत जाड, दणकट काच होऊ लागली होती, ते राहिलं नाही.
हिशेब मी नंतर केला. लिटरमागे 4 ग्रॅम साखर आंबली की साधारण एक लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. घनतेचे उरलेले आठ सहस्रांश म्हणजे असे चार लिटर. वरून घातलेल्या साखरेचा सव्वाहून थोडा जास्त. आधीच विरघळलेला एक. सगळं आंबलं तर 20 अंशांना आतला दाब कारच्या टायरच्या जवळपास तिप्पट.

20 एप्रिल, संध्याकाळी 5.00
गॅरेजमध्ये सायकली ठेवायच्या होत्या. बाटल्या घरात, बॉयलरच्या कपाटात हलवल्या.

29 एप्रिल, रात्री 8.30
पाहुणे आले म्हणून शॅम्पेनची एक बाटली उघडली. बूच छताला लागलं, निम्मं सायडर जमिनीवर सांडलं. टाळ्या पडल्या.
बागांमध्ये सफरचंदाला मोहोर होता. झाडं फुलली की पिंपातलं सायडरही जागं होतं, असं इथली जुनी माणसं म्हणतात. त्यात गूढ काही नाही; हवा तापते.

5 मे, रात्री 8.10
लपाछपी. मुलगी बॉयलरच्या कपाटात लपली होती. सापडायला चार मिनिटं लागली.
"बाबा, आत साप आहे."
कान लावला. एका बाटलीच्या रबरी चकतीतून बारीक सूं असा आवाज येत होता. वायू झिरपतोय म्हणजे दाब कमी होतोय, असं ठरवून मी दार लावलं.

रात्री 11.40
"त्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवूया का?" बायकोने विचारलं.
"सगळ्या मावणार नाहीत. उद्या बघू."

रात्री 11.50
बाहेर 7 अंश. हीटिंग रात्रभर चालू ठेवलं.

6 मे, पहाटे 3.12
पहिली बाटली फुटली. मला वाटलं, बॉयलर गेला.

पहाटे 3.13 ते 3.16
आणखी सहा. सगळ्या चौकोनी. आम्ही तिघं जिन्यात थांबलो.

पहाटे 3.40
बॉयलर बंद केला. घराच्या खिडक्या उघडल्या. कपाट उघडलं नाही.

सकाळी 9.00
मोटरसायकलचं हेल्मेट, जाड जाकीट, चामडी हातमोजे. दार उघडलं. आतल्या बाजूला, लाकडात, काचेचा बोटभर तुकडा रुतला होता. टेपने मोजलं: जमिनीपासून 91 सेंटीमीटर.
मुलीची उंची 94.

सकाळी 11.30
बागेत नेऊन गार केलेली शॅम्पेनची एक बाटली ओल्या टॉवेलात गुंडाळून उघडली. पेलाभर सायडर मिळालं. ढवळून त्यातला वायू काढला, हायड्रोमीटर सोडला.
1.003.
उरलेल्या 15 बाटल्या ताडपत्रीखाली होत्या. ऊन चढत होतं.