वर्ध्याची नई तालीम आणि तिबेटी मुळाक्षरे

हिवाळा लागला की नागपूरसारख्या शहरांत तिबेटी लोकांचे स्वेटर बाजार भरतात. आपल्या मुलांची तिबेटशी ओळख बहुधा तिथेच होते आणि स्वेटरच्या भावापाशी संपते. खरे तर तिबेटी वस्ती आपल्या विदर्भातही आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ साली नोर्ग्येलिंग ही वसाहत वसली. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता, आता तो गोंदियात येतो.

१९५९ साली दलाई लामा भारतात आले. त्यांच्यामागे हजारो निर्वासित आले. देश हातचा गेला होता. मुलांची भाषा आणि कलाही जाणार की काय, हा प्रश्न उभा राहिला. ३ मार्च १९६० रोजी मसुरीला पन्नास विद्यार्थ्यांची पहिली तिबेटी शाळा निघाली. १९६१ मध्ये भारत सरकारने तिबेटी शाळांसाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली. शाळा मिळाल्या, पण बहुतेक विषय इंग्रजीतून शिकवले जात. पुढे प्राथमिक वर्ग टप्प्याटप्प्याने तिबेटी माध्यमाकडे वळले. २००४ साली निर्वासित प्रशासनाने मूलभूत शिक्षणाचे धोरण स्वीकारले आणि मातृभाषेला व परंपरागत विद्येला मध्यवर्ती स्थान दिले. त्या वेळी प्रशासनाचे प्रमुख होते गांधीविचार मानणारे समधोंग रिंपोछे.

मातृभाषेचा हा आग्रह वर्धेकरांना परका वाटणार नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि हस्तोद्योगाभोवती गुंफलेला अभ्यास, असे तिचे ठराव होते. सेवाग्रामला आर्यनायकम आणि आशादेवींनी ते प्रत्यक्षात आणले. १९४४ मध्ये शांतिनिकेतनहून चित्रकार देवीप्रसाद तिथे आले आणि १९६२ पर्यंत राहिले. कला हा फावल्या वेळेचा विषय नसून शिक्षणाचा पाया आहे, असे ते मानत.

मग आपल्या तिसरी-चौथीच्या मुलांना तिबेट कसा शिकवावा? स्नेहसंमेलनात चुबा घालून नाचणे सोपे आहे, पण तेवढ्याने कुतूहल जागे होत नाही. सुरुवात मुळाक्षरांपासून करावी. तिबेटी मूल ‘क, ख, ग, ङ’ असेच म्हणते. फक्त त्यात ‘घ’ नाही. पुढची ओळही च, छ, ज, ञ अशीच चालते. ही लिपी भारतीय लिपीवरून घडली, हे मुलांना व्याख्यानाशिवाय कळते.

नंतर थांगका घ्यावा. चित्रकार आधी कापड चौकटीवर ताणतो, त्यावर खडू आणि सरस यांचा थर देऊन ते घोटतो, रेषांचे माप आखतो आणि मगच बुद्धाची आकृती काढतो. प्रत्येक अवयवाचे प्रमाण ठरलेले असते. मुलांना साध्या वहीवर चौकोन आखायला लावले, तर चित्रकला आणि भूमिती एकाच तासात शिकून होतात. टकळीवर कापूस कातणाऱ्या मुलांच्या हाती थोडी लोकर द्यावी. दोन्ही धाग्यांतला फरक हातालाच समजेल, आणि थंड पठारावर माणसे लोकर का विणतात, हेही.

शक्य असेल तर वसाहतीतल्या एखाद्या आजींना वर्गात बोलवावे. आपली भाषा आणि कला टिकवण्यासाठी परमुलुखात किती झटावे लागते, हे त्यांच्या तोंडून ऐकले, तर आपली मुले मराठीकडेही वेगळ्या नजरेने पाहतील.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)