‘डँडी’ शब्दाची कुळकथा

काष्टीच्या जनावरांच्या बाजारास निघालेल्या आपल्या वडिलांचें वर्णन माझ्या एका विद्यार्थ्यानें इंग्रजी निबंधांत केलें होतें. धुवट धोतर, ताणून बांधलेला फेटा, नवे जोडे. आणि या सर्वांवर शब्द ठेविला ‘डँडी’! कोशांत चार शब्द शेजारीं शेजारीं दिसले, त्यांतला एक त्यानें उचलला.

परंतु कोशांतले शेजारी एका कुळांतले असतातच असें नाहीं. ‘स्मार्ट’चा मूळ अर्थ झोंबणें, त्यांतून तडफ आली आणि तडफेंतून टापटीप. ‘एलेगंट’च्या मुळाशीं ‘निवडणें’ हा लॅटिन धातु आहे. रोमन लोकांत प्रथम तो दूषणार्थी होता, पुढें भूषणार्थी झाला. ‘डँडी’ मात्र एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनमध्यें गाजला. त्या पंथाचा म्होरक्या ब्रमेल पोषाखापायीं तासचे तास घालवी. १८१६ सालीं कर्जामुळें त्यास फ्रान्समध्यें पळावें लागलें, व तेथेंच १८४० सालीं विपन्नावस्थेंत त्याचा अंत झाला. तेव्हांपासून त्या शब्दांत कौतुकाहून थट्टा अधिक.

हें ऐकून मुलगा ओशाळला. बापाची थट्टा त्याच्या स्वप्नींही नव्हती. मीं विचारलें, “मराठींत काय म्हणशील?” तो तत्काळ उत्तरला, “रुबाबदार.” नखरा, ऐट, डौल, रुबाब यांतील भेद त्याला कोणी शिकविला नव्हता, बाजारांत बैलाचा डौल असतो, नखरा नसतो, हें तो जाणत होता. परभाषेंतला शब्द निवडावयाचा, तर आधीं आपल्या भाषेंत मन निश्चित करावें, हेंच खरें.