घामाचा हिशेब

पुण्यातल्या सदनिकांमध्ये गेल्या पंचवीसएक वर्षांत एका नव्या गृहोपयोगी वस्तूची भर पडली. कोथरूड, औंध, बिबवेवाडी, कुठेही जा. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात किंवा बंदिस्त केलेल्या गॅलरीत चालण्याचा पट्टा नाहीतर जागच्या जागी फिरणारी सायकल उभी असते. पहिले दोन महिने तिच्यावर माणूस चढतो, नंतर वाळत घातलेले टॉवेल. या वस्तूची थट्टा पुष्कळ झाली आहे, तिच्यात आणखी भर घालण्याचा आमचा विचार नाही. आमचे कुतूहल आहे ते त्या यंत्राच्या छोट्या पडद्यावर उमटणाऱ्या एका आकड्याबद्दल. वेळ, अंतर आणि वेग यांच्या शेजारी यंत्र आपल्याला सांगते, की आतापर्यंत तुम्ही एकशे अठरा कॅलरी जाळल्या. हा आकडा आला कोठून? माणसाच्या श्रमाला असा आकडा लावावा असे प्रथम कोणाला वाटले, आणि कशासाठी?

आधी यंत्राची बाजू समजून घेऊ. पट्टा आपला श्वास मोजत नाही, रक्त तपासत नाही. त्याला आपले वजन (तेही आपण सांगितले तर), पट्ट्याचा वेग आणि चढ एवढेच ठाऊक असते. व्यायामशास्त्रातले एक प्रचलित सूत्र असे, की सपाटीवर चालताना दर मिनिटाला, शरीराच्या दर किलोमागे लागणारा प्राणवायू मिलिलिटरमध्ये काढायचा, तर वेगाचा (मीटर प्रतिमिनिट) दहावा भाग घ्यावा आणि त्यात साडेतीन मिळवावेत. ताशी पाच किलोमीटर म्हणजे मिनिटाला सुमारे ८३ मीटर. उत्तर येते ११.८. माणूस ६५ किलोचा असेल तर मिनिटाला पाऊण लिटरहून थोडा अधिक प्राणवायू. एक लिटर प्राणवायूमागे ढोबळमानाने पाच कॅलरी (आहारशास्त्रातली कॅलरी, म्हणजे किलोकॅलरी) धरल्या, तर अर्ध्या तासाच्या ११५ होतात.

पण त्यातले साडेतीन हे चालण्याचे नव्हेतच. ते नुसते बसून राहण्याचे. तो माणूस आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसला असता तरी याच हिशेबाने त्या अर्ध्या तासात ३४ कॅलरी खर्च झाल्याच असत्या. त्या वजा केल्या तर चालण्याची खरी कमाई उरते ८१ कॅलरी, म्हणजे चहाचे दोन लहान चमचे तूप. शिवाय पट्ट्याच्या कठड्याला धरून चालले की पायांवरचा भार हलका होतो आणि खर्च आणखी उतरतो. यंत्राला त्याचा पत्ता लागत नाही. सायकलचे गणित त्यामानाने बरे. तिच्या चाकावरचा रोध ठाऊक असेल तर केलेले यांत्रिक काम निश्चित सांगता येते. ५० वॅटच्या दराने अर्धा तास पायडल मारले, तर साडेएकवीस कॅलरींइतके काम होते. स्नायू मात्र स्वतः खर्च केलेल्या ऊर्जेच्या वीस ते पंचवीस टक्केच कामात उतरवतात, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून शरीराचा खर्च ८६ ते १०७ यांच्या दरम्यान कोठेतरी. हा ‘कोठेतरी’ पडद्यावर दिसत नाही. तिथे एकच ठाम आकडा असतो.

या ठामपणाच्या मागे दोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो वजन घटवण्याच्या इच्छेतून सुरू झालेला नाही. १७८९–९० च्या सुमारास पॅरिसमध्ये लव्हाझिएने आपला सहकारी सेगँ याला नळीतून श्वास घ्यायला लावून पायाने पायडल दाबायला सांगितले आणि विश्रांतीत, जेवणानंतर व श्रमात त्याला किती प्राणवायू लागतो ते मोजले. श्वसन हे मंद ज्वलन आहे, हा त्याचा सिद्धांत. आपण आजही कॅलरी ‘जाळतो’, ते त्याच्याच रूपकात. पण लव्हाझिए तिथेच थांबला नाही. श्रम करणाऱ्याला अन्न अधिक लागते हे सिद्ध होताच त्याच्या मनात आले, की मग ज्याला अधिक लागते त्या मजुराच्याच ताटात कमी का पडते आणि ज्याला फारसे लागत नाही त्याच्याकडे विपुलता का असते? शरीरशास्त्राच्या निबंधात हा प्रश्न त्याने नोंदवला. तो क्रांतीचा काळ होता; १७९४ मध्ये त्याच क्रांतीने त्याला गिलोटिनवर चढवले. प्रश्न मागे राहिला.

पुढचा टप्पा तुरुंगातला. विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने १८१८ मध्ये कैद्यांसाठी पायचक्की तयार केली. भल्यामोठ्या दंडगोलाच्या पायऱ्यांवर कैद्यांनी तासन्‌तास चढत राहायचे. पायरी खाली जाते, माणूस तिथेच. आजच्या चालण्याच्या पट्ट्याने इंग्रजीतले आपले नाव या शिक्षेच्या साधनाकडूनच घेतले आहे. १८५० च्या दशकात डॉ. एडवर्ड स्मिथ यांनी लंडनच्या कोल्डबाथ फील्ड्स तुरुंगात या चक्कीवरच्या श्रमाचा अभ्यास केला. तोंडावर उपकरण बांधून ते स्वतः तिच्यावर चढले आणि उच्छ्वासातला कर्बवायू मोजला. कैद्याकडून इतके श्रम घ्यायचे तर त्याला किती खायला द्यावे लागेल, असा तो प्रश्न होता. १८६२ मध्ये अमेरिकेतल्या यादवीमुळे कापूस येईनासा झाला आणि लँकेशरच्या गिरण्या बंद पडल्या, तेव्हा सरकारने याच स्मिथना विचारले, की बेकार कामगार उपासमारीने आजारी पडू नयेत यासाठी कमीत कमी किती अन्न पुरे? श्रम मोजण्याचे शास्त्र असे किमान अन्न ठरवण्याचे शास्त्र होत गेले.

आणि इथे हा इतिहास पुण्याच्या वेशीपाशी येतो. १८७६ साली दख्खनमध्ये पाऊस फसला. सोलापूर, अहमदनगर, सातारा, पुणे, विजापूर या मुलखातली माणसे खडी फोडायला, तलाव खणायला दुष्काळी कामांवर आली. १८७४ च्या बिहारच्या दुष्काळात सढळ हाताने धान्य पुरवल्याबद्दल उधळेपणाचा ठपका आलेले सर रिचर्ड टेंपल आता काटकसर सिद्ध करायला निघाले होते. जानेवारी १८७७ मध्ये त्यांनी मजुरीचे प्रमाण ठरवले, ते धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर मीठमिरचीपुरते काही पैसे असे. इतिहासात ही मजुरी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. एवढ्यावर माणूस काम करू शकतो का, हे करून पाहायचे होते; प्रयोगशाळा होती दख्खन आणि मद्रास इलाखा.

त्या वादात कॅलरी हा शब्द नव्हता. अन्नातल्या नत्राची आणि कर्बाची भाषा चाले. आज आपण तो हिशेब मांडू शकतो. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम; ज्वारी असो की तांदूळ, त्यातून मिळतात दीड हजारांच्या आसपास कॅलरी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ६५ किलोच्या, जड काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला ३,४७० कॅलरी लागतात आणि बैठे काम करणाऱ्याला २,११०. त्या काळचा मजूर ५० किलोचा धरला, तरी खडी फोडण्यासाठी अडीच हजारांवर गरज निघते. म्हणजे रोजची तूट हजाराची, आणि ती भरून काढायची स्वतःच्याच शरीरातून. आपण पट्ट्यावर चढून जी तूट हौसेने निर्माण करू पाहतो, ती त्या माणसांवर सरकारी ठरावाने लादली गेली.

मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी वैद्यकीय आधार देऊन या प्रमाणाला विरोध केला. पुढे मद्रास सरकारला ते सोडून द्यावे लागले. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कमी केलेल्या मजुरीवर काम करायचे नाकारले आणि ते कामांवरून निघून गेले. त्यांची बाजू मांडली ती १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हे तिचे प्राण. सभेने दुष्काळी तालुक्यांतून माहिती गोळा केली आणि सरकारकडे अर्ज धाडले. सक्तमजुरीच्या कैद्याला याहून अधिक धान्य मिळते, ही बोचरी तुलनाही त्या वादात पुढे आली. स्मिथ यांचा तुरुंगातला हिशेब असा दुष्काळी छावणीत उपयोगी पडला. त्याच वर्षी जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाजाच्या मंडळींनी धनकवडीला बालाश्रम उघडून दुष्काळग्रस्त मुलांना जेवू घातले. त्या दुष्काळात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली, असा अंदाज सामान्यतः दिला जातो. माणसाला जगायला किती लागते, हा प्रश्न पुण्यात शास्त्रीय कुतूहल म्हणून आलेला नाही.

पुण्याला श्रम मोजण्याची दुसरीही एक रीत ठाऊक होती. गंज पेठेत लहुजी वस्तादांची तालीम होती, पेठापेठांतून इतर तालमी होत्या. तिथे हिशेब चाले जोरांचा, बैठकांचा. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी नमस्कार मोजत. या मोजणीत खर्चाची भाषा नव्हती, कमाईची होती. पाचशे जोर मारणारा पाचशे काहीतरी गमावत नसे, मिळवत असे. आणि तालमीबाहेर पडताच तो दूध आणि खुराक शोधी. १९२४ साली पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ निघाले आणि लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले. कुवलयानंदांनी योगक्रिया क्ष-किरण आणि दाबमापक यांच्यापुढे आणल्या. मोजमापाचे वावडे या परंपरेला नव्हते. मात्र शरीर म्हणजे उपसून रिकामे करायचे कोठार, ही कल्पना तिला परकी होती. व्यायाम खर्चाच्या भाषेत बोलू लागला तो पोटभर खाणाऱ्यांची संख्या वाढल्यावर, आणि त्यात वाईट काही नाही. पण भाषा बदलली याची नोंद असावी.

आता पुन्हा त्या साडेतीनच्या आकड्याकडे. विश्रांतीतला हा प्राणवायू सर्वांना सारखा लागतो असे गृहीत धरून यंत्रे चालतात. २००५ मध्ये ७६९ व्यक्तींवर प्रत्यक्ष मोजणी प्रसिद्ध झाली, तेव्हा सरासरी २.६ च निघाली. आणि आमच्या गावाने तर याहून मोठी शंका उपस्थित केली आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. दोघांचाही देहभार निर्देशांक तंतोतंत २२.३; पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणारा भारतीय आतून स्थूल असू शकतो, हे त्या एका चित्राने जगाला कळले. विश्रांतीतला ऊर्जाखर्च मुख्यतः चरबीवर नव्हे, स्नायू आणि इंद्रिये यांवर ठरतो. मग फक्त वजन विचारणाऱ्या यंत्राने या दोघांना एकच आकडा दाखवला, तर तो दोघांपैकी नेमका कोणाचा? मनगटावरच्या घड्याळांचीही स्थिती फारशी निराळी नाही. २०१७ मध्ये स्टॅनफर्डला सात उपकरणे तपासली गेली. ऊर्जेच्या मोजणीत सर्वांत बरे निघाले तेही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होते आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी.

म्हणून तो आकडा फेकून द्यावा असे नाही. एकाच यंत्रावर, एकाच माणसाने, कालच्यापेक्षा आज किती केले एवढे सांगायला तो पुरेसा आहे. जोर मोजणाऱ्यांना याहून अधिक कधी नकोच होते. घोटाळा होतो तो त्या आकड्याच्या मोबदल्यात आपण ताटात काय वाढून घ्यायचे ते ठरवू लागतो तेव्हा. कारण तिथे चूक नेहमी आपल्या जिभेच्या बाजूने होते.

आणि आणखी एक. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्र पुन्हा खडी फोडायला बसला, त्या वेळी मजुरांना सुकडी वाटली गेली. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. तिथे मजुरी मोजमापावर ठरे, पण मोजली जाई ती खडी, फोडणाऱ्याचा खर्च नव्हे. आजही ज्यांच्या श्रमाचा अचूक हिशेब लागायला हवा, त्या वीटभट्टीवरच्या, ऊसतोडीच्या, धुण्याभांड्याच्या बायांच्या मनगटावर कोणतेही यंत्र नाही. मोजले जातात ते आपण, ज्यांचे काही शे कॅलरी इकडेतिकडे झाल्याने फारसे बिघडत नाही. लव्हाझिएने विचारलेला प्रश्न त्या लहानशा पडद्यामागे अजून तसाच उभा आहे.