गोन्साल्विस, अँथनी

(१९२७–१८ जानेवारी २०१२). गोमंतकीय व्हायोलिनवादक, चित्रपटसंगीताचे संयोजक आणि पाश्चात्त्य धर्तीच्या वाद्यवृंदासाठी रागाधारित रचना करणारे संगीतकार. जन्म गोव्यातील माजोर्डा येथे. त्यांचे वडील गावच्या चर्चमधील गायकवृंदाचे प्रमुख होते. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन, समूहगायन व व्हायोलिन शिकविले जाई. अकराव्या शतकात ग्वीदो या इटालियन भिक्षूने रूढ केलेल्या स्वरनामांतून विकसित झालेली ही पद्धती धर्मोपासनेसाठी गोव्यात आली. तिच्यामुळे लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजवू शकणारा वर्ग तेथे निर्माण झाला. मात्र त्याच्या उपजीविकेची सोय गोव्यात नव्हती. ती मुंबईतील नृत्यगृहे, हॉटेले आणि पुढे चित्रपटसृष्टी यांनी केली.

गोन्साल्विस १९४३ मध्ये नौशाद यांच्या वादकवृंदात दाखल झाले व पुढे संयोजक म्हणून नावारूपास आले. संगीत दिग्दर्शक चाल रचून ती गाऊन दाखवी. कडव्यांमधील वाद्यसंगीत आणि प्रत्येक वाद्याचा स्वतंत्र भाग कागदावर उतरविण्याचे काम संयोजकाकडे असे. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड इ. गोमंतकीयांनी हे काम वर्षानुवर्षे केले. श्रेयनामावलीत त्यांची नावे क्वचितच आली. गोन्साल्विस यांना हिंदुस्थानी रागसंगीताचे जे आकर्षण वाटले, ते केवळ व्यवसायाच्या गरजेपुरते नव्हते. प्यारेलाल शर्मा व राहुलदेव बर्मन हे त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले.

राग आणि सिंफनी वाद्यवृंद यांचा मेळ घालण्यातील अडचण तत्त्वतःच मोठी आहे. वाद्यवृंदाचे संगीत एकाच वेळी उमटणाऱ्या अनेक स्वरांच्या मेळावर उभे असते. राग एका षड्‌जाच्या आधाराने स्वरामागून स्वर असा उलगडतो. वृंदावनी सारंगाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. त्यात गांधार व धैवत वर्ज्य असल्याने सा-ग-प हा पाश्चात्त्य संगीतातील मूलभूत त्रिस्वरमेळ घेताच राग मोडतो. प-नि-रे अथवा कोमल निषादासह नि-रे-म हे मेळ संभवतात. परंतु त्यांवर विसावल्यास षड्‌जाचे स्थानच डळमळीत होते. शिवाय मींड व आंदोलन ही एकट्या कलावंताच्या हातची अंगे. अनेक व्हायोलिनांनी ती एकसारखी काढायची तर ती आधीच नेमकी लिहून ठेवावी लागतात आणि लिहिताच त्यांतील उत्स्फूर्तता काहीशी लोपते.

ही अडचण पत्करून गोन्साल्विस यांनी ‘सोनातीना इंडियाना’, तसेच सारंग रागावर आधारलेला काँचेर्टो अशा रचना केल्या. रूपबंध व त्यांची नावे इटालियन परंपरेतील, स्वरद्रव्य मात्र भारतीय, असे त्यांचे स्वरूप आहे. त्या सादर करण्यासाठी १९५८ मध्ये त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात शंभराहून अधिक वादकांसह झालेल्या कार्यक्रमात लता मंगेशकर व मन्ना डे यांनी एकल गायन केले. आकाशवाणीचा वाद्यवृंद १९५२ पासून दिल्लीत रविशंकर यांच्या नेतृत्वाखाली कार्यरत होता; परंतु त्याची मांडणी मुख्यतः भारतीय वाद्यांची होती. रविशंकर यांचा सतारीसाठी रचलेला पहिला काँचेर्टो लंडनमध्ये १९७१ साली सादर झाला, हे लक्षात घेता गोन्साल्विस यांच्या उपक्रमाचे अग्रत्व स्पष्ट होते. तथापि अशा वाद्यवृंदाला कायम आश्रय लागतो. चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाचा मेहनताना मिळविणारे वादक एखाद्या कार्यक्रमासाठी एकत्र येतील. नित्य सरावासाठी त्यांना बांधून ठेवणे व्यक्तीच्या आवाक्यातले नव्हे. नुसत्या प्रतिभेने ही उणीव भरून निघणारी नव्हती.

१९६५ मध्ये ते अमेरिकेस गेले. सिरॅक्यूज विद्यापीठाचे प्रवास-अनुदान त्यांना मिळाले होते. परतल्यावर चित्रपटसृष्टीत पुन्हा न रमता ते माजोर्ड्यास स्थायिक झाले. १९७७ च्या अमर अकबर अँथनी या चित्रपटातील एका विनोदी गीतात लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल यांनी आपल्या गुरूचे नाव गुंफले. ते देशभर लोकांच्या तोंडी झाले; बहुतेकांनी मात्र ते काल्पनिकच मानले. सारंगातील काँचेर्टो ऐकलेले श्रोते त्या मानाने मूठभरच. गोन्साल्विस यांचे गोव्यात निधन झाले.