मराठा मंदिरातली उर्दू

कोकणातून एस.टी.ने मुंबईला येणारा माणूस मुंबई सेंट्रलच्या स्टँडवर उतरला, की बाहेर पडताच त्याला एक थिएटर दिसते. लहानपणी अब्बांचे बोट धरून मी तिथून जात असे. फलकावरचे ‘मराठा मंदिर’ हे नाव वाचून मला ते खरोखरीचे देऊळ वाटायचे. एवढ्या लोकांची गर्दी, मग एकाच्याही हातात फुले कशी नाहीत, असा प्रश्न मला पडे.

आज मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. वर्गात मराठा मंदिराचे नाव काढले की मुले एका सुरात शाहरुख खानचा चित्रपट सांगतात. वर्तमानपत्रेही तेवढेच सांगतात. इतके आठवडे झाले, तितके झाले, जणू क्रिकेटचा धावफलकच. पण या इमारतीचे आयुष्य 1995 साली सुरू झालेले नाही.

मराठा मंदिर ही मुळात शिक्षणाचे काम करणारी मराठा समाजाची संस्था. तिचे नाव लावून हे थिएटर 16 ऑक्टोबर 1958 रोजी सुरू झाले. पहिला चित्रपट लागला बी. आर. चोप्रांचा ‘साधना’. गीते साहिर लुधियानवींची आणि संगीत एन. दत्ता म्हणजे गोव्याच्या दत्ता नाईकांचे. आसपासची वस्ती पाहा. मदनपुऱ्यात उत्तरेतून आलेले मोमीन विणकर, नागपाड्यात उर्दू छापखाने आणि मुशायरे, आग्रीपाड्याच्या चाळींत मराठी गिरणी कामगार आणि भायखळ्याकडे आमचे कोकणी मुसलमान. नाव मराठी, पडद्यावर उर्दू, आणि तिकिटाच्या रांगेत हे सगळेच.

5 ऑगस्ट 1960 रोजी इथे ‘मुघल-ए-आझम’चा प्रीमियर झाला. निमंत्रणे जुन्या शाही फर्मानाच्या थाटात, उर्दूत लिहिलेली होती. फिल्मचे डबे हत्तीवरून आणले गेले. दर्शनी बाजूला पृथ्वीराज कपूर यांची चाळीस फुटी प्रतिमा उभी केली होती. फिरोजाबादच्या कारागिरांनी घडवलेला शीशमहालाचा सेट थिएटरच्या दिवाणखान्यात मांडला होता. के. आसिफशी बिनसल्यामुळे खुद्द दिलीपकुमार मात्र आले नाहीत. आगाऊ तिकिटांसाठी लोक रस्त्यावरच झोपले. घरची माणसे त्यांना रांगेत डबे पोचवीत, आणि गर्दी आवरायला पोलीस आणावे लागले. आमचे आजोबा तेव्हा गोदीत कामाला होते. त्यांना तिकीट मिळाले ते काही आठवड्यांनी. अनारकलीपेक्षा त्यांना दरबारातली जबान अधिक लक्षात राहिली होती. गावी परतल्यावर पडवीत बसून ते अकबराच्या आवाजात बैलांना दटावीत.

माझ्या विद्यार्थ्यांच्या मनातला अकबरही पृथ्वीराज कपूर यांच्यासारखाच दिसतो. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला याचा त्रास होतो. पण पाठ्यपुस्तकात अकबराच्या वाट्याला आलेल्या चार ओळींपेक्षा तो चेहरा त्यांना जवळचा वाटला, तर दोष कोणाला द्यायचा?

4 फेब्रुवारी 1972 रोजी याच थिएटरात ‘पाकीझा’चा प्रीमियर झाला. पुन्हा उर्दूच, आणि ‘मुघल-ए-आझम’च्या संवादलेखकांपैकी एक असलेल्या कमाल अमरोहींचीच. आजारी मीनाकुमारी त्या रात्री हजर होती. सुरुवातीला चित्रपटाला फारसा प्रतिसाद नव्हता. 31 मार्चला ती गेली आणि मग गर्दी लोटली. माझगावच्या रहमताबाद कब्रस्तानात तिला दफन केले. तिथून हे थिएटर फार लांब नाही. अब्बांनी तो चित्रपट त्याच उन्हाळ्यात पाहिला. बायका आधीपासूनच डोळे पुसत आत जात होत्या, असे ते सांगतात.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. व्हिडिओ आला, घरोघरी टीव्ही आला, मग मल्टिप्लेक्स. ‘शोले’ पाच वर्षे चालवणारे मिनर्व्हा गेले. नागपाड्याजवळचे अलेक्झांड्रा बंद झाले, तिथे दीनी तालीम देणारी संस्था आली. काहींना त्याचे समाधान वाटले, काहींना हळहळ. मला दोन्ही वाटले.

मराठा मंदिर टिकले. 1992-93 च्या दंगलीत याच मोहल्ल्यांनी कर्फ्यू सोसला होता. त्यानंतर तीन वर्षेही झाली नव्हती, तेव्हा 20 ऑक्टोबर 1995 रोजी ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ लागला. 2014 च्या डिसेंबरात त्याचे हजार आठवडे झाले. फेब्रुवारी 2015 मध्ये तो उतरवल्याचे जाहीर झाले, पण लोकांनी ओरड केली आणि तो परत लागला. मार्च 2020 मध्ये करोनामुळे पडदा मिटला, तोही पुन्हा उघडला. खेळ सकाळी साडेअकराचा, तिकीट स्वस्त. प्रेक्षक कोण? गाडीची वाट पाहणारे, रात्रपाळी संपवलेले टॅक्सीवाले, कामाठीपुऱ्यातल्या बायका, घरी जागा नसलेली जोडपी. विक्रमाची बातमी छापणाऱ्यांना हे लोक क्वचितच दिसतात. त्यांच्यातले कित्येक तर सावलीत तीन तास बसायला मिळते म्हणून आलेले असतात.

मागच्या उन्हाळ्यात अब्बांना दवाखान्यात दाखवायला मुंबईला आणले होते. काम लवकर आटोपले, गावाकडची गाडी दोनची होती. आम्ही थिएटरात शिरलो. अब्बा दिवाणखान्यात थांबले आणि शीशमहाल कुठे मांडला असेल याचा अंदाज घेत दोन्हीकडे पाहत राहिले. ते त्यांनी स्वतः पाहिलेले नव्हते, आजोबांकडून ऐकलेले. दारावरचा माणूस म्हणाला, “चाचा, सिनेमा सुरू झाला.” आत निम्म्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या होत्या. आमच्या पुढच्या रांगेत एकजण बॅग उशाला घेऊन झोपला होता. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात आम्ही उठलो. गाडी चुकली असती.