अवर्षण आणि गवताचा गोतावळा

अंगणांतील दूर्वा उपटूं गेलें असतां एक काडी सुटी हातीं येत नाहीं. तिच्यामागून जमिनीला बिलगलेलें लांब खोड येतें, आणि त्याच्या पेऱ्यापेऱ्यावर निराळीं पानें व निराळीं मुळें दिसतात. दिसावयास रोपें अनेक, परंतु देह एकच. अशा गवतांच्या इतिहासांतील एक प्रकरण अमेरिकेच्या मध्यभागींच्या विस्तीर्ण मैदानांत घडलें.

त्या कोरड्या प्रदेशांत बफेलो-ग्रास नांवाचें बुटकें गवत दूर्वेप्रमाणेंच पसरतें. १८६२ च्या कायद्यान्वयें वसाहतकारांना १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मिळूं लागली. पहिल्या महायुद्धांत गव्हाचा भाव चढला, पुढें ट्रॅक्टर आले, आणि लक्षावधि एकर कुरण नांगराखालीं गेलें. १९३० नंतर पावसानें दगा दिला. गहूं वाळला, उघडी माती उडूं लागली, आणि १४ एप्रिल १९३५ रोजीं धुळीच्या लोटांनीं भरदिवसां अंधार केला.

त्या वर्षांत नेब्रास्का विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन वीव्हर न नांगरलेलीं कुरणें तपाशीत होते. दुष्काळानें तींही सोडलीं नव्हतीं. झुबक्यानें वाढणारें लिटल ब्लूस्टेम फार मोठ्या प्रमाणावर मेलें. त्याच्या जागीं भूमिगत खोडांनीं पसरणारें वेस्टर्न व्हीटग्रास आलें. हंगामाच्या आरंभींच वाढण्याची संवयही त्याला उपयोगी पडली. पाऊस परततांच उरल्यासुरल्या बफेलो-ग्रासचीं खोडें उघड्या जमिनीवर धांवूं लागलीं.

जोडलेल्या रोपांतील पाण्याची देवघेव मोजण्याचें साधन पुढें मिळालें. हान्स द क्रून या डच शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९९६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मोथ्याच्या कुळांतील दोन वनस्पतींना जड हायड्रोजनची खूण असलेलें पाणी दिलें. ओल्या मातींतील रोपाचें पाणी कोरड्या मातींतील भावंडाकडे गेल्याचें दिसलें. यांत दानधर्म नाहीं. कोरड्या बाजूचीं पानें पाणी ओढतात, आणि जोडणारें खोड त्याची नळी होतें. अर्थात् सगळीच जमीन कोरडी पडली, तर वांटण्यास कांहीं उरत नाहीं.

नांगरानें तोडल्या त्या याच नळ्या, आणि माती धरून ठेवणारें जाळेंही तेंच होतें. २७ एप्रिल १९३५ रोजीं अमेरिकेनें मृद्-संरक्षणाचा कायदा केला, आणि ओसाड शेतांत पुनः गवत पेरलें जाऊं लागलें. बीं एका दिवसांत पेरतां येतें. त्याचा गोतावळा जमावयास मात्र वर्षें लागतात.